तीन प्रश्न आणि एक कोपरा : आपल्या माणसांवर प्रेम करण्याआधीचे आत्मपरीक्षण

आपले आईवर प्रेम आहे का, असे कोणी विचारले तर बहुतेक जण विचार न करता होकार देतील. मात्र गेल्या आठवड्यात तिने आपल्यासाठी नेमके काय केले आणि आपण तिला नेमका कोणता त्रास दिला, असे विचारले की जीभ अडखळते. आपल्या माणसांवरचे प्रेम कमी पडते, ते भावना आटल्यामुळे फार क्वचित. बहुतेक वेळा हिशेबाची वही एकाच बाजूने लिहिलेली असते म्हणून ते कमी पडते, असे माझे मत आहे. कोणी आपल्याला कधी, कोणासमोर आणि कोणत्या शब्दांत दुखावले, याच्या नोंदी मन विनासायास ठेवते. कोणी काय दिले आणि आपण कोणाला काय सोसायला लावले, याची पाने मात्र मुद्दाम बसून लिहावी लागतात.

यासाठी करायचे आत्मपरीक्षण नेहमीच्या अर्थाने ‘स्वतःला ओळखणे’ नाही. मला काय वाटते, मला राग का येतो, माझ्या गरजा कोणत्या, या प्रश्नांचाही उपयोग असतो, पण त्यांच्या मागे लागलेला माणूस पुष्कळदा स्वतःमध्येच अधिकाधिक गुंतत जातो आणि समोरचा माणूस त्याच्या कथेतले एक दुय्यम पात्र होऊन बसतो. इथे प्रश्न वेगळा आहे: त्या माणसाच्या जागेवरून पाहिले तर मी कसा दिसतो?

या प्रश्नाची शिस्तशीर पद्धत जपानमध्ये घडली. तिचे नाव नाइकान. जपानीत ‘नाइ’ म्हणजे आत आणि ‘कान’ म्हणजे पाहणे (आपल्या कानाशी त्याचा संबंध नाही, तरी या पद्धतीत ऐकणाऱ्याचे काम किती मोठे आहे ते पुढे येईलच). नारा प्रांतातल्या यामातो-कोरियामा इथले योशिमोतो इशिन (१९१६–१९८८) हे तिचे जनक. ते जोदो शिनशू या बौद्ध पंथाच्या परंपरेतले. त्या परंपरेतल्या एका छोट्या गटात ‘मिशिराबे’ नावाची साधना चाले. अन्न, पाणी आणि झोप सोडून एकांतात बसायचे आणि आपल्या सगळ्या आयुष्याची झडती घ्यायची, असे तिचे स्वरूप होते. योशिमोतोंना ती तीनदा अपुरी सोडावी लागली आणि १९३७ मध्ये चौथ्या खेपेस ती पूर्ण झाली. त्यानंतर त्यांनी त्या साधनेतला उपवास, जागरण आणि गुप्तता काढून टाकली आणि कोणत्याही धर्माच्या सामान्य माणसाला झेपेल असे रूप तिला दिले. १९५३ मध्ये व्यवसायातून बाजूला होऊन त्यांनी आपल्या गावी केंद्र सुरू केले. त्याच दशकात जपानमधल्या तुरुंगांत आणि बालगुन्हेगारांच्या सुधारगृहांत ही पद्धत वापरली जाऊ लागली, आणि १९८० नंतर ती ऑस्ट्रिया आणि जर्मनीतही रुजली.

केंद्रातले शिबिर आठवडाभराचे असते. खोलीच्या कोपऱ्यात घडीचा पडदा लावून एक माणूस मावेल एवढी जागा केलेली असते आणि पहाटे साडेपाच-सहापासून रात्री नऊपर्यंत तिथे बसून एकेका माणसाबद्दल स्वतःला तीन प्रश्न विचारायचे असतात: त्याच्याकडून मला काय मिळाले, मी त्याला काय दिले आणि मी त्याला कोणता त्रास दिला. जेवणही तिथेच आणून देतात. बोलणे, वाचणे, फोन काहीच नसते. दर दीड-दोन तासांनी ऐकणारा येतो, पडद्यासमोर वाकून नमस्कार करतो आणि या वेळात कोणाबद्दल व कोणत्या काळाचे परीक्षण केले ते विचारतो. तीन-चार मिनिटांत उत्तर सांगायचे. तो ते ऐकतो, आभार मानतो, पुन्हा वाकतो आणि जातो. तो सल्ला देत नाही, धीर देत नाही आणि दोषही देत नाही.

आपल्याकडे प्रत्येकाला असा आठवडा काढता येणार नाही. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते घरी करायच्या रूपाबद्दल आहे. मी स्वतः दोन वर्षांत थांबत-थांबत, चुकत-माकत ते केले आहे आणि त्यातल्या माझ्या चुका जिथल्या तिथे सांगितल्या आहेत.

माणूस निवडणे

सुरुवात आईपासून करावी, आणि आईने वाढवले नसेल तर ज्या आजीने, मावशीने किंवा वडिलांनी वाढवले त्यांच्यापासून करावी. याचे कारण भावनिक नाही. आपण सर्वांत जास्त ज्या व्यक्तीकडून घेतलेले असते आणि जिचे देणे सर्वांत जास्त गृहीत धरलेले असते, ती बहुधा हीच असते. म्हणून तिथे आठवणींचा साठा मोठा आणि तपासलेला भाग लहान असतो. आईनंतर वडील, मग भावंडे, मग पती किंवा पत्नी, मुले, सासू-सासरे, शेवटी कामावरची माणसे, असा क्रम ठेवावा. ज्याच्याशी सध्या भांडण चालू आहे त्याला पहिल्याच दिवशी समोर घेऊ नये. मी तेच केले होते. धाकट्या भावाशी घराच्या वाटणीवरून बोलणे बंद होते, म्हणून उत्साहाने त्याच्यापासून सुरुवात केली आणि तासाभरात वहीत त्याच्याविरुद्धचे एक व्यवस्थित आरोपपत्र तयार झाले.

काळाचे तुकडे पाडणे

‘आईने माझ्यासाठी आयुष्यभर काय केले’ असा प्रश्न घेतला तर उत्तर भाषणासारखे येते. म्हणून आयुष्याचे तीन-तीन वर्षांचे तुकडे पाडावेत आणि एका बैठकीत एकच तुकडा घ्यावा. शाळेत जाण्यापूर्वीचा काळ, पहिली ते तिसरी, चौथी ते सहावी, सातवी ते नववी, मग दहावी-बारावी, महाविद्यालय, पहिली नोकरी, लग्न, असे करत आजपर्यंत यावे. इयत्तांचा आधार घेतला की स्मृती चटकन जागी होते, कारण कोणती इयत्ता म्हटली की वर्ग, बाक, बाई आणि डबा हे सगळे एकत्र आठवते. शाळेपूर्वीचे फारसे आठवत नाही, ही तक्रार प्रत्येकाची असते. तिथे मोठ्यांकडून ऐकलेले लिहिले तरी चालते, पण ते ऐकीव आहे हे लक्षात ठेवावे.

जागा आणि वेळ

दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, घर जागे होण्याआधी बसत असे. खिडकी किंवा दार समोर नसावे एवढे पाहावे, कारण बाहेर काही हलले की मन त्याच्यामागे जाते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. उलटा करून शेजारी ठेवलेला फोनही लक्ष खात राहतो. एका बैठकीला किमान एक तास द्यावा आणि रविवारची पहाट धरली तर एका व्यक्तीसाठी दहा-बारा रविवार लागतील असे समजून चालावे. मांडी घालायची की खुर्चीत बसायचे, याला महत्त्व नाही. बसल्यावर आधी नुसते आठवावे आणि शेवटच्या दहा मिनिटांत लिहावे. सुरुवातीपासून लिहीत बसले की सुबक वाक्ये करण्याचा मोह होतो.

पहिला प्रश्न : या व्यक्तीकडून मला काय मिळाले?

एकूण वेळातला पाचवा हिस्सा या प्रश्नाला द्यावा. ‘प्रेम’, ‘संस्कार’, ‘आधार’ ही उत्तरे इथे चालत नाहीत. ज्यात एखादी वस्तू किंवा डोळ्यांसमोर उभी राहणारी कृती आहे, तेच उत्तर धरावे. ‘आईने माझी काळजी घेतली’ हे खोडावे आणि ‘दुसरीत गोवर आला तेव्हा तिने सहा दिवस कामावर रजा टाकली आणि माझ्या उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला’ असे लिहावे.

या ठिकाणी मन एक पळवाट काढते. ते तर तिचे कर्तव्यच होते, सगळ्याच आया हे करतात, तिने ते कुरकुरत केले, असे ते म्हणू लागते. प्रश्न मात्र देणाऱ्याच्या हेतूचा नाही. कुरकुरत भरलेल्या डब्यानेही पोट भरलेच होते, तेव्हा डबा वहीत चढवावा.

शिबिरांत आईवडिलांच्या संदर्भात आणखी एक काम देतात: आपल्या संगोपनाला आलेला खर्च काढायचा. पैशांत मोजणे पहिल्यांदा कानाला बरे लागत नाही, मलाही लागले नव्हते, पण आकडा टाळता येत नाही हाच त्याचा गुण आहे. मी रुपयांऐवजी डबे मोजले. शाळेचे वर्षाला सुमारे दोनशे दिवस धरले तरी पहिली ते दहावी दोन हजार डबे होतात. प्रत्येकामागे पहाटेचा अर्धा तास धरला तर एक हजार तास, म्हणजे रोज आठ तासांच्या नोकरीचे सव्वाशे दिवस, आणि हे फक्त मधल्या सुट्टीच्या एका डब्याचे. या दोन हजारांपैकी मला स्पष्ट आठवले ते चार डबे, आणि त्यांतले तीन न आवडलेले.

दुसरा प्रश्न : मी या व्यक्तीला काय दिले?

हाही वेळेचा पाचवा हिस्सा. हे पान लवकर संपते, आणि लहानपणच्या तुकड्यांत ते जवळजवळ कोरे राहते. कोरे राहिले तर राहू द्यावे. परीक्षेत पहिला आलो आणि आईला आनंद दिला, अशी नोंद बहुतेक जण करतात. ती खोडावी, कारण परीक्षा आपण तिच्यासाठी दिलेली नसते. दळण आणून दिले, तिच्या पायांना तेल लावले, पहिल्या पगारातून तिला चष्मा करून दिला, या नोंदी खऱ्या. जे दिले ते लपवायचेही नाही. वही खोटी नम्रता दाखवण्यासाठी नसते, आणि आपण काहीच दिले नाही असे म्हणत राहण्यातही एक प्रकारची ऐट असते.

तिसरा प्रश्न : मी या व्यक्तीला कोणता त्रास दिला?

उरलेले तीन पंचमांश, म्हणजे तासातली छत्तीस मिनिटे, या प्रश्नाची आहेत. ही विभागणी योशिमोतोंच्या पद्धतीतलीच आहे आणि पहिल्यांदा ती अन्यायाची वाटते. पण त्रास झाल्याची आठवण ज्याला झाला त्याच्याकडे राहते. ज्याने दिला त्याच्याकडे ती आपोआप राहत नाही, खणावी लागते, आणि खणायला वेळ लागतो.

चौथा प्रश्न अर्थातच प्रत्येकाच्या मनात येतो: या व्यक्तीने मला कोणता त्रास दिला? नाइकानमध्ये तो मुद्दाम वगळलेला आहे. त्याचे उत्तर खोटे असते म्हणून तो वगळला, असे नाही. आपण ते उत्तर देण्यात आधीच तरबेज असतो आणि ते एकदा सुरू झाले की बाकीचे तीन प्रश्न त्याच्या आवाजात बुडतात, एवढेच कारण आहे. बैठकीत तो आला तर त्याला हुसकावून लावू नये. तुझा तास वेगळा आहे असे मनाशी म्हणून तिसऱ्या प्रश्नाकडे परत यावे. हे एका तासात वीसदा करावे लागेल.

लिहिताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले पथ्य असे की वाक्यात ‘कारण’, ‘पण’ आणि ‘त्या वेळी मी लहान होतो’ येऊ देऊ नये. दुसरे असे की त्रास समोरच्याच्या बाजूने पूर्ण लिहावा. ‘मी उशिरा घरी आलो’ हे अर्धे वाक्य आहे. ‘मी साडेअकराला आलो, तोवर ती न जेवता जिन्यातल्या दिव्याकडे पाहत बसली आणि सकाळी पाच वाजता पाणी भरायला उठली’ हे पूर्ण वाक्य झाले. ती त्या रात्री काय करत होती, हे शोधायला लागणारा जो क्षण आहे, त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. त्या क्षणी ती आपली आई म्हणून दिसायची थांबते आणि दमलेली, चाळिशीतली एक बाई म्हणून दिसू लागते. माझ्या मते प्रेमाची सुरुवात तिथे होते, आणि ती मोठ्या भावनेसारखी जाणवतही नाही. एखाद्या माहितीसारखी जाणवते.

नमुना म्हणून माझ्या वहीतले ‘आई, चौथी ते सहावी’ हे पान देतो. मिळाले: दर जूनमध्ये सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरे, पावसात भिजलेला गणवेश रात्री इस्त्रीने वाळवून सकाळी तयार, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला केंद्राबाहेर तीन तास उभे राहणे. दिले: रोज सकाळी केंद्रावरून दूध आणणे, तेही सहावीच्या दुसऱ्या सहामाहीपासून. त्रास: सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर तिची सही स्वतःच केली, वर्गशिक्षिकांनी तिला बोलावले तेव्हा तिने ऐकून घेतले आणि मी बाकावर गप्प बसलो. तिच्या शिवणकामाच्या कात्रीने पतंगाच्या कामट्या कापल्या, कात्री बोथट झाली, तिने विचारल्यावर धाकट्या भावाचे नाव सांगितले. भावाला मार बसला. ब्लाउज शिवून ती घरखर्चाला हातभार लावत असे, आणि कात्रीला धार लावून मिळेपर्यंत दोन दिवस तिचे काम अडले.

ही कात्री मला तीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती. सहीचा आणि कात्रीचा प्रकार ज्या सदरात मोडतो, त्या खोटेपणा आणि चोरी या विषयासाठी शिबिरात स्वतंत्र बैठका असतात. घरी करणाऱ्यांनी तो भाग पहिल्या दोन-तीन व्यक्ती झाल्याशिवाय घेऊ नये.

ऐकणारा

लिहिणे पुरेसे आहे का, असे मला पुष्कळदा विचारले जाते. मोठ्याने सांगितलेले वाक्य लिहिलेल्या वाक्यापेक्षा अधिक खरे करावे लागते, असा माझा अनुभव आहे; शक्य असेल तर महिन्यातून एकदा कोणापुढे तरी वाचावे. तो माणूस ज्याच्याबद्दल परीक्षण चालले आहे त्याचा नातलग नसावा, आणि त्याने स्वतःही ही वही काही काळ लिहिलेली असावी. ‘अरे, एवढे काय मनाला लावून घेतोस’ असे म्हणणारा मित्र कितीही चांगला असला तरी या कामासाठी तो उपयोगाचा नाही.

कोणी हे करू नये

ज्यांच्यावर घरात अत्याचार झाला किंवा होत आहे, त्यांनी अत्याचार करणाऱ्याबद्दल हे तीन प्रश्न एकट्याने घेऊ नयेत. मारणाऱ्याला आपण काय त्रास दिला, हे शोधायला लावणे क्रूरपणाचे आहे. आपल्या समाजात, विशेषतः सुनांना, हा प्रश्न वहीशिवायही पुरेसा विचारला गेला आहे. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचे मन तिसरा प्रश्न अहोरात्र विचारतच असते, त्यामुळे त्याने आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. निरोगी माणसालाही मध्येच अपराधीपणाचा लोंढा येतो. तो आला की पहिल्या प्रश्नाकडे परत जावे: आपण असे वागत असतानाही डबा येत होता, या वस्तुस्थितीकडे. नुसत्या अपराधीपणात नजर पुन्हा स्वतःवरच खिळते. मिळालेल्याची जाणीव असली की ती समोरच्याकडे वळते.

वहीतून घरात

पान भरले की लगेच फोन करून माफी मागण्याची ऊर्मी येते. एक आठवडा थांबावे. रडत केलेल्या कबुलीचे ओझे पुष्कळदा ऐकणाऱ्यावरच पडते, कारण त्यालाच मग आपली समजूत घालावी लागते. त्याऐवजी पहिल्या पानावरची एक गोष्ट उचलावी आणि तिच्या बदल्यात एक लहान, ठोस आणि न सांगता करता येण्याजोगी गोष्ट करावी. माझी आई आता शिवत नाही, तिची नजर मंदावली आहे. मी तिच्या औषधांच्या डबीवर सकाळ-दुपार-रात्र अशी मोठ्या अक्षरांची चिठ्ठी लावून दर शनिवारी ती भरू लागलो. ती काही बोलली नाही, मीही नाही.

भावाचे परीक्षण मी आईवडिलांनंतर, म्हणजे सात महिन्यांनी घेतले. आरोपपत्र याही वेळी येत होते, पण मध्ये कात्री आडवी येत होती. वाटणीचा विषय न काढता मी त्याला फोन केला आणि ती कात्री मी बोथट केली होती एवढेच सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “दादा, पण ती तर मीच केली होती ना?” मार खाल्ल्यामुळे त्याने ती गोष्ट स्वतःची म्हणून धरून ठेवली होती. वाटणीचा प्रश्न त्या फोनने सुटला नाही. त्याला पुढे वकील लागलाच, फक्त दोघांनी मिळून एकच केला.

रोजची वही

मोठे परीक्षण झाल्यावर, किंवा ते जमत नसेल तर त्याऐवजी, रोज रात्री वीस मिनिटे हेच तीन प्रश्न फक्त त्या दिवसापुरते घ्यावेत. इथे व्यक्ती एकच असण्याची गरज नाही. आज कोणाकोणाकडून काय मिळाले यात सकाळी कचरा नेणारा कामगार येतो, लोकलमध्ये सरकून चौथी सीट देणारा अनोळखी माणूस येतो आणि न मागता चहा ठेवणारी बायकोही येते. आज कोणाला काय त्रास दिला यात, उत्तर न दिलेला निरोप आणि मुलीने काही दाखवायला आणले तेव्हा पडद्यावरून न उचललेली नजर येते.

साध्या शाळेच्या वहीचे पान उभे तीन भागांत विभागावे आणि तिसरा रकाना मुद्दाम रुंद आखावा. ज्या रात्री पहिला रकाना रिकामा राहील त्या रात्री झोपण्यापूर्वी सकाळपासूनचा दिवस तासातासाने मागे तपासावा: अंघोळीचे पाणी कोणी तापवले, भाजी कोणी निवडली, लिफ्ट कोणी थांबवून धरली. तिसरा रकाना रिकामा राहिला तर त्या दिवशी घरात आपल्याशी कोण कमी बोलले, ते आठवून पाहावे आणि त्याच्या नावापासून लिहायला सुरुवात करावी.